उसनी रजा

साहेबांनी "दार लावून घ्या" म्हटलं, तेव्हा थोरल्याला वाटलं, बिंग फुटलं. खुर्चीत तो अर्धाच टेकला. गेले दहा दिवस तो या कंपनीत धाकट्या भावाच्या जागेवर, धाकट्याच्या शर्टात, धाकट्याचं ओळखपत्र गळ्यात अडकवून बसत होता. दोघे जुळे. थोरला काही मिनिटांनीच थोरला होता. फाटकावरच्या पहारेकऱ्याला शंका यायचं काही कारणच नव्हतं.

थोरला सरकारी कचेरीत कारकून. धाकटा इथं, पाण्याचे पंप विकणाऱ्या कंपनीत, फोनवर तक्रारी घ्यायचा. दर रविवारी आईकडे जेवताना दोघांची जुंपायची. धाकट्यानं पगार सांगितला की थोरला निवृत्तिवेतनाचा विषय काढायचा. धाकट्यानं नवी गाडी दाखवली की थोरला साठलेली रजा सांगायचा. "एकाला पैसा खर्चायला वेळ नाही आणि दुसऱ्याला वेळ खर्चायला पैसा नाही," असं म्हणून आई दोघांना सारखंच वाढायची.

मग धाकट्याच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन लगेच करा, डॉक्टर म्हणाले. धाकट्याची रजा संपलेली, घराचे हप्ते चालू, आणि आजारपणावरून परत आलेल्या दोघांना कंपनीनं मागच्याच महिन्यात नारळ दिलेला. त्याला ऑपरेशनपेक्षा नोकरी जाण्याचीच धास्ती होती. त्या रविवारी तो वाद न घालता जेवला.

"माझी रजा घे," थोरला म्हणाला. "नाहीतरी वायाच जाणार आहे."

सगळ्यांना वाटलं, चेष्टा करतोय. सोमवारी सकाळी तो खरंच धाकट्याचे बूट मागायला आला.

काम अवघड नव्हतं. पंप बंद पडलेली माणसं फोनवर ओरडायची, आणि ओरडणाऱ्या माणसांची थोरल्याला वीस वर्षांची सवय होती. अवघड होतं ते साहेबांना हो म्हणणं. साडेपाच वाजले की तो उठून घरी जायचा. रविवारी या म्हटल्यावर सरळ जमणार नाही म्हणाला. बंद पंप दुरुस्त झाले म्हणून दाखवा, असं साहेबांनी सांगितलं, तेव्हा त्यानं सवयीनं कोरा कागद पुढे केला आणि म्हणाला, "लेखी द्या, साहेब." शेजारच्या टेबलावरच्या बाईंचा चहा हिंदकळला. यातलं काहीच त्यानं घरी सांगितलं नव्हतं. धाकट्याचे टाके उसवले असते.

"आता खरं सांगा," साहेब म्हणाले. "दुसरी नोकरी कुठं मिळाली?"

थोरला गडबडला. "साहेब, ते..."

"खिशात दुसरी नोकरी असल्याशिवाय माझ्याशी असं कोणी बोलत नाही. पगार किती देतायत?"

त्याला पटकन खोटं सुचेना. त्यानं आपला खरा पगार सांगितला. साहेब हसले. इथल्यापेक्षा तो बराच कमी होता.

"मग काय बघून निघालात?"

"आजारी पडलं तरी नोकरी जात नाही, साहेब."

रजा, निवृत्तिवेतन, घरच्यांचं औषधपाणी, सगळं त्याला तोंडपाठ होतं. पण आज एवढंच तोंडातून आलं. धाकटा रोज इथं कसली भीती उराशी घेऊन बसत असेल, ते या दहा दिवसांत त्याला कळलं होतं. त्याला भावाची फार दया येत होती.

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, सोडून जाऊ नका. पगार वाढवतो, सगळा विभाग तुमच्या हाताखाली देतो. "मला असाच ताठ माणूस हवा होता. इतकी वर्षं तुम्ही नुसती मान डोलवत होतात."

संध्याकाळी थोरला धाकट्याच्या घरात शिरला तेव्हा तो उशीला टेकून वाटच बघत होता. "राहिली ना नोकरी?"

थोरल्यानं सगळं पहिल्यापासून सांगितलं. धाकट्याची बायको हसता हसता रडायला लागली. ऑपरेशनसाठी येऊन राहिलेल्या आईनं डोळे पुसले. एवढा पगार त्यांच्या घरात आजवर कुणी बघितला नव्हता. धाकटा मात्र ऐकता ऐकता पांढरा पडत गेला.

"म्हणजे सोमवारपासून मी साहेबांना नाही म्हणायचं?"

"म्हणायचं. आता पगार त्याचाच मिळणार आहे."

धाकट्यानं एकदा बायकोकडे बघितलं, एकदा हप्त्यांवर घेतलेल्या त्या घराच्या भिंतींकडे. मग त्यानं भावाचा हात घट्ट धरला.

"दादा," तो हळूच म्हणाला, "तुझी रजा अजून किती शिल्लक आहे?"