लाल बादली

ऐक ना, आमचे बाबा फेरीबोट चालवतात. वाटेतल्या एका छोट्या बेटावर आत्या एकटीच राहते. तिथल्या धक्क्यावर लाल बादली टांगलेली असेल तरच बोट थांबवायची. आत्या मात्र गप्पांसाठीही बादली टांगायची. "आमच्याकडे राहायला चल," म्हणून बाबांनी वर्षानुवर्षं विनवलं, ती कसली ऐकतेय. काल बादली दिसली. बोट खचाखच भरलेली. "बाईसाहेबांना गप्पा सुचतायत," म्हणत बाबांनी बोट पुढे नेली. त्यांच्या शेजारी उभा मीही हसलो. आज बादलीच नाही, म्हणून बाबांनी मुद्दाम बोट लावली. आत्या धक्क्यावरच होती. "काल सामान बांधून बसले होते रे, कायमचं यायला. तुम्ही थांबला नाहीत. म्हटलं, राहू दे." "आत्ता चल ना, ताई," बाबा म्हणाले. तिने हसून तांब्यातलं पाणी पायाशी ठेवलेल्या लाल बादलीत ओतलं. तिच्यात माती भरून मिरचीचं रोप लावलं होतं. सांग, तू काय केलं असतंस?