उलटे कांगारू

फाटकापाशी लिंबांची टोपली आणि पैशांचा डबा असे. वाटसरू लिंबे नेत, डब्यात डॉलरचे नाणे टाकून जात. संध्याकाळी ओसरीवर म्हातारा क्लॅरी प्रत्येक नाण्यावरच्या राणीचे डोके वर धरून ते चिमटीत फिरवी. मागचे कांगारू उलटे निघाले, तर ती टांकसाळीची दुर्मिळ, मोलाची चूक; जन्मभर शोधूनही त्याला न लाभलेली. पक्षाघातानंतर त्याची बोटे थरथरू लागली होती. निलगिरीच्या झाडांवर निळे धुके उतरत असताना तो पुटपुटला, “मर्ल, कांगारू उलटे.” बायकोने पाहिले: राणीच उलटी धरली होती. “सापडलं एकदाचं, म्हाताऱ्या,” ती म्हणाली. “राणी मुद्दाम उलटी धरली,” तो म्हणाला. “तुला माझी कीव येते का, बघत होतो. पहिल्यांदाच खोटं बोललीस.” ती ओशाळली. “मग टाक मलाही डब्यात.” “चुकलेलं नाणं कुणी परत टाकतं का?” डॉलर डब्यात टाकून त्याने तिचे बोट चिमटीत धरले.