वजन खरं सांगा

मोटरसायकलच्या जुन्या स्प्रिंगा वर्तमानपत्रावर आडव्या पडल्या होत्या, तेलाने माखलेल्या. दादाने बुटाच्या टोकाने त्यातली एक ढकलली. ती गडगडत गॅरेजच्या भिंतीपर्यंत गेली.

"चांगल्या तर दिसतात," तो बहिणीला म्हणाला. "कशाला बदलत बसलीस? साडेअकराला गिऱ्हाईक येतंय गाडी बघायला."

"गाडी कुणाची?" तिने विचारलं.

"तुझी. मनगटही तुझंच. दोन्ही मोडून घेतलीस ना?"

ते मात्र खरं होतं. दोन महिन्यांपूर्वी उतारावर बकरी आडवी आली, हिने पुढचा ब्रेक दाबला, गाडीने नाक जमिनीला लावलं आणि ही हँडलवरून थेट रस्त्यावर. हॉस्पिटलात तीस वर्षं एक्स-रे काढायचं काम केलं, हजारो लोकांची हाडं बघितली. त्या दिवशी स्वतःचं बघितलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, तशी ती घरी न जाता सरळ मिस्त्रीकडे आली. पुढचे शॉकअप खोल, म्हणाली, आतल्या मऊ स्प्रिंगा फेक आणि लांब पल्ल्याच्या, कडक घाल, समुद्रापर्यंत जायचंय. स्प्रिंगा यायला पंधरवडा लागला, दादाने तेवढ्याच दिवसांत गिऱ्हाईक शोधलं. एका आईची लेकरं, पण हट्टाला दोघंही सारखीच.

"त्रेपन्न वर्षांची झालीस," दादा म्हणाला. "पडलीस तरी नाक वर!"

"माझ्या नाकाचं राहू दे. गाडीचं खाली जातंय, ते वर करायला आलेय."

मिस्त्री खुदकन हसला आणि घाईघाईने नव्या स्प्रिंगांवरची झाकणं आवळू लागला.

समजूत घालायला म्हणून दादाने बायकोलाही बरोबर आणलं होतं. वहिनी कोपऱ्यातल्या स्टुलावर मांडीवर पर्स घेऊन बसली होती.  पायात नेहमीच्या चपला नव्हत्या, कॅनव्हासचे कोरे बूट होते. नणंदेने ते पाहिलं, पण तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नाही.

"बसा ताई," मिस्त्रीने गाडी स्टँडवरून काढली. "दोन्ही पाय वर घ्यायचे. तुमच्या वजनाने पुढची बाजू तीन बोटं दबली पाहिजे. जास्त नको, कमी नको. दादा, तुम्ही समोरून हँडल धरा. मी खाली बसून मोजतो."

"मी धरू? मी विकायला आलोय गाडी!"

"मग नको धरूस," ती म्हणाली आणि तिने दोन्ही पाय वर घेतले.

गाडी कलली. "अगं ए!" दादाने झेप घेऊन हँडल पकडलं. दोनशे किलोचं धूड सरळ करताना त्याचा चेहरा लालबुंद झाला. इतक्या जवळून तो चेहरा तिने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. घाबरला होता बिचारा.

"अक्कल आहे का तुला? पुन्हा पडली असतीस म्हणजे?"

"मलाही भीती वाटते रे दादा. ती बकरी अजून स्वप्नात येते. म्हणून काय बकरीच्या सांगण्यावरून गाडी विकू?"

 मिस्त्री गुडघे टेकून शॉकअपला बोटं लावून पाहत होता.

"तीन बोटं. झकास! समुद्रापर्यंत एकट्याच जाणार ना?"

"एकटीच."

"कुठेही जाणार नाहीये ती," दादा म्हणाला.

"मागे कुणी बसणार असेल तर आत्ताच सांगा," मिस्त्री म्हणाला. "ब्रेक लावला की मागच्याचं वजनही पुढेच येतं. मग हा वरचा नट आणखी आवळावा लागतो."

स्टूल सरकलं. वहिनी उठली, पर्स गळ्यात तिरकी अडकवली, नणंदेच्या खांद्यावर हात रोवला आणि मागे चढून बसली. गाडी मचकन खाली गेली. दादाने हँडल आणखी घट्ट धरलं.

"अगं, तू कुठे निघालीस?"

"समुद्रापर्यंत."

"तुला हिची समजूत घालायला आणलं होतं!"

"घातली की. कालच फोनवर सांगितलं, वन्सं, एकट्या जाऊ नका."

सांगितलं होतं खरं. पण त्याचा अर्थ हा होता, हे नणंदेला आत्ता कळलं. तिने मागे वळून पाहिलं. वहिनीने पाय नीट टेकवून घेतले होते, बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठी होत्या.

मिस्त्रीने कानावरची पेन्सिल काढली. "वजन सांगा, वहिनी. खरं सांगा हं."

"अठ्ठ्याहत्तर."

"पासष्ट!" दादा ओरडला. "मला पासष्ट सांगितलं होतंस!"

"तुम्हाला सांगितलं होतं," वहिनी म्हणाली. "गाडीला खोटं सांगून कसं चालेल?"

दादाच्या खिशात फोन वाजायला लागला. साडेअकरा झाले होते. त्याने एक हात सोडला, तशी गाडी त्या अंगाला झुकली.

"सोडू नका, दादा," मिस्त्री खालून म्हणाला. "दोघी आहेत."

दादाने हात पुन्हा हँडलवर ठेवला. फोन वाजत राहिला आणि मिस्त्रीने नट आणखी दोन फेरे आवळला.