मंगळवारचा नकार

कॅप्टन अमृतरावांनी अकराव्यांदा नकार दिला तेव्हा नांदेडच्या विमानतळावर अठरा प्रवासी सामानाची वजनं करून बसले होते.

"आज मंगळवार हाय, बाई," ते म्हणाले. "देवीचा वार. मी उडणार न्हाई."

सिंधु तिथं वैमानिकांच्या ड्यूट्या लावायची. कंपनी लहान होती. नांदेडला एकच विमान, वैमानिक दोन: अमृतराव आणि त्यांच्या हाताखालचा साहेबराव. एक बसला की विमान बसलं. आजवर दहा वेळा तिनं फळ्यावर तांत्रिक बिघाड लिहून वेळ मारून नेली होती.

पावसानं तिसऱ्या वर्षीही दगा दिला होता. लातूर जिल्हा होऊन चारच वर्षं झालेली. टँकरच्या मंजुऱ्यांसाठी तिथल्या साहेब लोकांच्या मुंबईच्या खेपा वाढल्या, तशा कंपनीनं फेऱ्या दुप्पट केल्या. रोज चार उड्डाणं. सुटी फक्त सोमवारी. त्या मंगळवारी असाच एक अधिकारी ताटकळला, त्याची बैठक हुकली. त्यानं मुख्य कार्यालयाला फोन लावला.

कार्यालयानं सिंधुकडं अहवाल मागितला.

तिनं ड्यूटीचं रजिस्टर काढलं. अकरा नकार, सगळे मंगळवारचे, सगळ्यांखाली अमृतरावांची सही. साहेबरावच्या नावापुढं एकही नाही. तो आठ महिन्यांपूर्वी लागलेला, अजून कच्चा. कितीही ड्यूटी लावा, "हाव, मॅडम" म्हणून निघायचा. हल्ली त्याचा चेहरा उतरलेला दिसे. असल्या वरिष्ठाबरोबर काम करायचं म्हटल्यावर कुणाचंही मन उडेल, असं तिला वाटलं. शिपाई ग्यानोबाला विचारलं तर तो म्हणाला, साहेब मंगळवारी माहूरला जातात, त्यांनीच सांगितलंय.

अहवाल धाडण्याआधी तिनं अमृतरावांना बोलावलं. दुसरं काही कारण असेल तर आत्ताच सांगा, म्हणाली. अहवालात साहेबरावचं नाव आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. नाही, त्याची काय चूक, असं ती म्हणाली.

"मग ठीक हाय. देवीचंच लिव्हा."

तिनं तसं लिहिलं. आठव्या दिवशी अमृतरावांना कमी केल्याचं पत्र आलं. बावीस वर्षं विमान उडवलेला माणूस. पत्र घडी करून त्यांनी खिशात ठेवलं, सगळ्यांना नमस्कार केला आणि रिक्षात बसून गेले.

दुपारी सिंधुनं साहेबरावला आत बोलावलं. एकही नकार नाही म्हणून कंपनीनं त्याला कायम केलं होतं. नवे कॅप्टन मंगळवारी येतील, असं सांगून तिनं कागद पुढं केला.

साहेबरावनं कागद घेतला नाही. कॅप्टन कुठं आहेत, त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. तो खुर्चीत बसला.

मग त्यानं हळूहळू सांगितलं. बायको लातूरला अंथरुणाला खिळलेली, आईवडील थकलेले. त्यांच्या गल्लीत टँकर यायचा सोमवारी. रविवारी काम सुटलं की तो एसटीनं लातूर गाठायचा, सोमवारभर रांगेत उभं राहून घरात आठवड्याचं पाणी भरायचा आणि रात्रीच्या एसटीनं परतून मंगळवारी सकाळी कामावर हजर व्हायचा. होळीनंतरच्या एका मंगळवारी विमान खाली उतरत असतानाच त्याला झोप लागली. अमृतरावांनी एकट्यानं विमान उतरवलं. कुणाला एक शब्द बोलले नाहीत.

सिंधुनं ड्यूटीचं रजिस्टर पुन्हा उघडलं.

"मग दर मंगळवारी माहूर?" तिनं विचारलं.

"माहूरला ते कधी गेलेच न्हाईत, मॅडम. मंगळवारी मी झोपायचो. ते दिवसभर माझ्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे, कुणी मला उठवू नये म्हणून."