कानपिळी

केतकी लेकीला लस टोचून, कडेवर घेऊन दवाखान्याबाहेर आली, तर तिच्या उभ्या गाडीचा दरवाजा चेपून कुणीतरी पसार झालं होतं. पोलिसांत जायची सोय नव्हती. बाळंतपणाच्या धांदलीत गाडीचा विमा भरायचाच राहिला होता, त्यांनी आधी तिलाच धरलं असतं. रस्त्यावर मात्र झेंडूच्या पाकळ्या सांडत गेल्या होत्या.

त्या पाकळ्यांमागून ती चालत निघाली आणि दोन वळणांनंतर थेट मंगल कार्यालयाच्या दारात पोचली. तिथे फुलांनी मढवलेल्या गाडीच्या बंपरला लागलेला तिच्या दरवाजाचा निळा रंग एक फेटेवाले गृहस्थ उपरण्यानं पुसत होते.

"ठोकून पळालात का हो?"

"मुहूर्त टळत होता, ताई. मी नवरदेवाचा मामा. तुम्ही विम्यातून घ्या की भरून."

"विमा असता तर पाकळ्या हुंगत कशाला आले असते?"

शेजारी उभा असलेला नवरीचा भाऊ फिसकन हसला. इतक्यात आतून त्याला कानपिळीसाठी हाक आली. "तुम्हीही चला," तो केतकीला म्हणाला.

होमापाशी त्यानं नवरदेवाचा कान धरला. "अंगठी नको, घड्याळ नको. तुमच्या मामांनी या ताईंची गाडी ठोकलीय, ती नीट करून द्या." पीळ वाढला. "दिली, दिली," नवरदेव कळवळला आणि अख्खा मांडव हसला.

केतकीलाही हसू आवरेना. तेवढ्यात हे सगळं टक लावून बघणाऱ्या लेकीनं आईचाच कान मुठीत धरला आणि पिळला.

"भरते गं बाई," केतकी म्हणाली, "आजच भरते विमा."