एक वाजला की सगळे

स्वतःचं घर विकून मर्लनं लेकाच्या घराला लागून आपल्यासाठी खोली बांधून घेतली. वाढीव बांधकाम केलं की घरभरचे स्मोक अलार्म एकमेकांना जोडायचे, असा ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याचा कायदा. एक वाजला की सगळे वाजलेच पाहिजेत. तपासणीला आलेल्या माणसानं तिच्या खोलीतलं बटण दाबलं आणि अख्खं घर कोकललं. मर्लच्या डोळ्यांत पाणी आलं. एक घर झालं एकदाचं!

पुढच्या रविवारी तिचा टोस्ट करपला. तिच्या डोक्यावर अलार्म बोंबलत होता आणि पलीकडे लेक, पोरं, सगळे निवांत खात बसले होते. ती धापा टाकत तिथं गेली.

"ग्लेन, जोडणी बिघडलीय रे!"

"बिघडली नाही, आई. तो माणूस गेला त्याच दिवशी मी बदलून घेतली. तू टोस्ट जाळणार आणि आम्ही झोपेतून उठणार, हे कोण रोज सहन करणार?"

"आणि मीच जळाले तर?"

"काहीतरीच काय बोलतेस!"

"मग तुमच्याकडचा वाजला, तर मला ऐकू येईल?"

"म्हणजे काय! ती बाजू चालू ठेवलीय," ग्लेन टोस्टला लोणी फासत म्हणाला. "पोरांना बाहेर काढायला कुणीतरी धावत यायला नको?"