अंबाडीची तिसरी खेप

सिंगापूरमधल्या यिशुनच्या आमच्या फ्लॅटबाहेर, कॉरिडॉरमधल्या कुंडीत मी आयुष्यात पहिल्यांदाच अंबाडी लावली. पहिली रोपं माझ्या पाण्याने कुजली, दुसरी उन्हाने करपली, पण तिसऱ्या खेपेला जमलंच मला. हाताच्या पंजासारखी पानं फुटली आणि मी घरभर मिरवत सुटले.

तेवढ्यात शेजारी राहायला आलेल्या नव्या आंटी येता-जाता कुंडीपाशी थबकायला लागल्या. काल तर त्यांनी मोबाईलवर फोटोच काढला. बाबा घाबरले.

"क्षिप्रा, ही पानं थेट गांजासारखी दिसतात गं. त्यांनी पोलिसांना दाखवला फोटो तर?"

"बाबा, इट्स जस्ट भाजी, लाह."

"ते पोलिसांना पटेपर्यंत आपल्या पीआरचं, इथे कायम राहायच्या परवानगीचं, काय होईल?"

एवढं बोलून बाबांनी माझी सगळी रोपं उपटली आणि कचरा थेट खाली टाकायच्या शूटमध्ये टाकली. मी इतकी चिडले होते की जेवलेही नाही.

आज सकाळी बेल वाजली. दारात त्याच आंटी, हातात रिकामं पातेलं.



"बेटा, फोटो बघून हैदराबादहून माझी आई म्हणाली, हा आपला गोंगुराच, म्हणजे तुमची अंबाडी; डाळ शिजत ठेवलीय, मूठभर पानं देशील?"